हिमेजी ते आसाकुसा: कातड्याच्या मागावर सहा दिवस

जपानी बनावटीचे हेरिटेज बूट बघायचे म्हटलं की बहुतेक जण थेट टोकियोतली दुकानं गाठतात. या सहलीचा आराखडा मात्र कातड्याच्या वाटेने आखला होता. कातडं कमावतात ते हिमेजी आधी, मग बूट बांधतात ते आसाकुसा, आणि मधे एक दिवस तळाचं कातडं तयार होतं त्या तोचिगीला. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला, कारण त्या शनिवार-रविवारी आसाकुसाच्या उत्तरेला एका देवळात बुटांची जत्रा भरते.

हेरिटेज बूट म्हणजे 1930 ते 1950 च्या दरम्यान अमेरिकन कामगार, सैनिक आणि मोटरसायकलवाले वापरत ते बूट. बिनलेसांचा, पट्टा-बकलाचा इंजिनियर बूट, लेसवाला सर्व्हिस बूट, लाकूडतोड्यांचा उंच लॉगर. युद्धानंतर अमेरिकन फौजांचा उरलासुरला माल टोकियोत उएनोच्या आमेयोको बाजारात विकला जायचा. तिथून जपानी तरुणांना या वस्तूंची गोडी लागली. पुढे अमेरिकेत जुन्या पद्धतीचं काम कमी होत गेलं, तसे जपानी कारागीर जुने बूट मिळवून, ते टाका टाका उसवून अभ्यासू लागले. आज जे बघायला मिळतं ते त्या उसवण्यातून आलेलं आहे.

सोमवार: हिमेजी

कान्साई विमानतळावरून हिमेजीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. फलाटावरच एकिसोबाची वाटी मिळते. 1949 पासून हा पदार्थ इथे विकला जातो: पिवळे चिनी पद्धतीचे नूडल्स, पण रस्सा मात्र जपानी, माशाच्या दाशीचा, म्हणजे अर्काचा. उभ्यानेच खायचं, पाच मिनिटांत वाटी रिकामी. शाकाहारी माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं की रश्श्यात भाजी दिसली तरी दाशी बहुधा माशाचीच असते. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही.

संध्याकाळी आलं-सोयासॉस घातलेलं हिमेजी ओदेन, म्हणजे रश्श्यात उकळलेले पदार्थ. हवा कोरडी, आकाश निरभ्र, बाहेर जेमतेम दहा अंश. ही कोरडी हवा उद्याच्या दिवसाशी थेट जोडलेली आहे.

मंगळवार: इचिकावा नदी आणि घोड्याचं कातडं

हिमेजी आणि शेजारचं तात्सुनो हे जपानी चर्मोद्योगाचं माहेर. का, ते नदीकाठी उभं राहिलं की कळतं. सेतो समुद्राच्या या पट्ट्यात पाऊस कमी, इचिकावाचं पात्र रुंद आणि गोट्यांचं, त्यामुळे कातडं भिजवायला वाहतं पाणी आणि वाळवायला उघडी, उन्हाची जागा, दोन्ही एकाच ठिकाणी. मीठ किनाऱ्यावरून यायचं, मोहरीच्या कुळातल्या नाताने बियांचं तेल आसपासच्या शेतांतून.

एवढ्यावरच हिमेजीचं पांढरं कातडं बनतं: पाणी, मीठ, तेल आणि ऊन. ना साल, ना रसायन. कातडं नदीत भिजत ठेवलं की पाण्यातले जिवाणू केसांची मुळं सैल करतात. उन्हाळ्यात हे काम लवकर होतं, थंडीत बरेच दिवस जातात. केस खरवडले की मीठ चोळायचं, तेल लावायचं, पायांनी तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा ओलं करून पुन्हा तुडवायचं. कातडं सायीसारखं पांढरं आणि चिवट होतं. सामुराईंच्या चिलखतांत ते वापरत. बुटांसाठी ते सहसा वापरत नाहीत, पण या गावाचा हात कातड्यावर कसा बसला ते समजायला हे बघणं आवश्यक आहे.

बुटांसाठी हिमेजीचं नाव आहे ते घोड्याच्या कातड्यामुळे. शिन्की हिकाकू ही 1951 पासूनची टॅनरी फक्त घोड्याचं कातडं कमावते आणि जगभरचे बूटवाले तिच्याकडे रांग लावतात. टॅनऱ्या म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत. आधी लिहून, जपानी भाषेत, कामाचं कारण सांगून परवानगी मागावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी नकारच मिळतो. गावातल्या चामड्याच्या दुकानांत मात्र कातडं हाताळायला मिळतं, आणि शिकायला तेवढंही पुरतं.

घोड्याच्या कातड्याचे दोन भाग वेगळे समजून घ्या. पुढचा भाग, म्हणजे मान-खांदे-पोट, पातळ आणि मऊ. जॅकेटं याची बनतात. मागचा भाग, पुठ्ठ्याचा, म्हणजे हॉर्सबट. हा दाट, कडक, आणि त्याच्या पोटात कॉर्डोव्हनचा थर असतो. हॉर्सबटचे बूट पहिले पंधरा दिवस पायाला अक्षरशः छळतात. घोट्यापाशी घडी कुठे पडेल ते कातडं स्वतः ठरवतं, आणि ती घडी एकदा पडली की बदलत नाही. म्हणून नवा बूट घालून पहिल्यांदा पाय वाकवताना लेस सारख्या ताणून, सरळ उभं राहून, मग हळूहळू गुडघा पुढे न्यावा. घाईत जिना चढायला घेतलात तर घडी तिरकी पडते आणि आयुष्यभर करंगळीला टोचते.

कॉर्डोव्हन हे कातड्याचं वरचं तोंड नव्हेच. पुठ्ठ्याच्या आत दाट तंतूंची एक लंबगोल चकती असते. मांसाच्या बाजूने तासत तासत तिच्यापर्यंत पोचायचं. सालीच्या अर्कात मुरवणं, तेल पाजणं, वाळवणं, तासणं आणि घोटणं धरून शिन्कीला दहा महिने लागतात. तंतू उभे असल्यामुळे त्यावर बारीक सुरकुत्या पडत नाहीत, गोल लाटा उठतात. पावसाचे थेंब पडले की ते तंतू फुगून फोड आल्यासारखे दिसतात. घाबरू नका: बूट पूर्ण वाळू द्या आणि गुळगुळीत चमच्याच्या पाठीने दाबून घोटा. पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॉर्डोव्हन बाहेर काढू नये, हे मात्र ठाम सांगणं आहे.

दुकानात चाशिन हा शब्द सतत कानावर येतो. शब्दशः ‘चहाच्या रंगाचा गाभा’. कातडं आतपर्यंत तपकिरी असतं आणि फक्त वरून काळं रंगवतात. वापरात टोकं आणि घड्या घासल्या की खालचा तपकिरी डोकावतो. जुन्या अमेरिकन बुटांत हे आपसूक व्हायचं. जपानी टॅनऱ्या ते ठरवून घडवतात. चाशिन बुटाला काळं पॉलिश लावणं म्हणजे त्याचा सगळा जीव झाकून टाकणं. बिनरंगी क्रीम, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा, तांदळाच्या दाण्याएवढं.

दुपारी हिमेजीचा किल्ला. 1609 चा मुख्य मनोरा, पांढराशुभ्र. आत जाताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. उंच लेसवाले बूट घालून गेलात तर दाराशी पाच मिनिटं मोडतात आणि मागे रांग लागते.

बुधवार: टोकियो, त्सुकिजीचा दगड

शिन्कान्सेनने तीन तास. हॉटेलात सामान टाकून शिन्तोमिचो स्थानकापासून चालत त्सुकिजीजवळच्या इरिफुने भागात गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला ‘जपानी बूटउद्योगाचं जन्मस्थान’ असं सांगणारं एक छोटं स्मारक आहे. 15 मार्च 1870 रोजी निशिमुरा कात्सुझो यांनी इथे इसेकात्सु हा बुटांचा कारखाना उघडला. नव्या सैन्यासाठी परदेशातून मागवलेले बूट जपानी पायांना फार मोठे होत, म्हणून इथेच बूट बनवा असा आग्रह सैन्यउभारणीचे सूत्रधार ओमुरा मासुजिरो यांनी धरला होता. 15 मार्च हा जपानमध्ये आजही ‘बुटांचा दिवस’ आहे.

दगडाभोवती कार्यालयं आणि वर्दळ. थांबून वाचणारं कुणी दिसलं नाही. पिवळ्या गिंक्गोच्या पानांचा सडा पडलेला, आणि त्यावरून चालणाऱ्या सगळ्यांच्या पायांत बूट.

रात्री आसाकुसात तेंदोन. तिळाच्या तेलात तळलेलं गडद तेंपुरा, खाली भात. एवढंच जेवावं आणि लवकर झोपावं, कारण कार्यशाळा सकाळी लवकर सुरू होतात.

गुरुवार: आसाकुसा, एका कार्यशाळेत

आसाकुसा म्हटलं की लोकांना सेन्सोजी देऊळ आठवतं. देवळाच्या मागे उत्तरेकडे, इमादो, हाशिबा, कियोकावा या वस्त्यांत, तळमजल्यावर अर्ध्या उघड्या शटरमागे बूट बनतात. कुणी फक्त वरचं कातडं शिवतो, कुणी फक्त तळ, कुणी फर्मे, म्हणजे ज्यावर बूट बांधतात ते पायाच्या आकाराचे साचे, तासतो. एकाच बुटाला सायकलवरून चार घरं फिरावं लागतं.

हे इथेच का, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. एडो काळात (1603 ते 1868) कातड्याचं काम ज्यांच्यावर लादलं होतं, त्या अस्पृश्य मानलेल्या समाजाचा प्रमुख इमादो भागात राहायचा; दान्झाएमोन ही त्याची पिढीजात पदवी. 1871 मध्ये सरकारने फर्मान काढून हा भेद कायद्याने संपवला. त्याबरोबरच या समाजाचा कातड्यावरचा पूर्वापार हक्कही गेला. तेरावे दान्झाएमोन, ज्यांनी पुढे दान नाओकी हे नाव घेतलं, त्यांनी अमेरिकन शिक्षक आणून आपल्या लोकांना पाश्चात्त्य पद्धतीने कातडं कमावणं आणि बूट बांधणं शिकवलं. भेदभाव फर्मानाने संपला नाही. विसाव्या शतकातही तो लग्नात आणि नोकरीत होताच. आज ज्या हस्तकौशल्याचं जगभर कौतुक होतं ते या वस्तीने सांभाळलं, हे हाशिबातल्या चर्मोद्योगाच्या छोट्या संग्रहालयात गेल्याशिवाय कळत नाही. तिथे अवश्य जा; आधी दिवस-वेळ बघून जा.

कार्यशाळा दहा बाय पंधरा फुटांची. दोन माणसं, एक सत्तरीच्या पुढचे ओजीसान, म्हणजे काका, आणि एक तिशीतली त्यांची शिष्या. घासलेटचा हीटर, त्यावर किटली. भिंतीवर फर्म्यांच्या जोड्या टांगलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाच्या पायाचे उंचवटे लिहिलेले आणि त्या जागी चामड्याचे तुकडे चिकटवलेले. परवानगी विचारून एका कोपऱ्यात बसलो. संध्याकाळपर्यंत कुणी उठा म्हटलं नाही.

बूट बांधण्याचा कणा म्हणजे आतला तळ, नाकाझोको. तो बाहेरून कधीच दिसत नाही आणि सगळं त्याच्यावरच उभं असतं. पाच मिलिमीटर जाडीचं, सालीत कमावलेलं कातडं भिजवून फर्म्याच्या तळाशी खिळ्यांनी ठोकतात आणि रात्रभर वाळू देतात. सकाळी त्याने फर्म्याचा बाक घेतलेला असतो. मग कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत रापीने पायरी कापायची, आणि आतल्या बाजूने तिरका चर पाडायचा. दोन्हींच्या मधे कातड्याची जी उभी कड उरते तिच्यातून शिवण जाते. ही कड फार पातळ राहिली तर टाका ओढताना फाटते. जाड राहिली तर आरी वाकत नाही आणि भोक तळाच्या आतून, पायाच्या बाजूने बाहेर येतं.

आता वरचं कातडं फर्म्यावर ओढायचं. याला त्सुरिकोमी म्हणतात, आणि ज्या पक्कडीने ओढतात तिचं नाव वानी, म्हणजे मगर. पहिले तीन खिळे टोकाला: मधला, मग दोन्ही बाजू. मग टाच. कातडं कुठे किती ताणतं ते हाताला कळावं लागतं; पोटाजवळचा तुकडा जास्त ताणतो, पाठीचा कमी. एक बूट पोटाच्या आणि दुसरा पाठीच्या कातड्यातून कापला असेल तर सहा महिन्यांत एक सैल होतो. म्हणून चांगला कापणारा डावा-उजवा भाग कातड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, आरशातल्यासारखे समोरासमोर मांडून कापतो.

टाचेच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचा कडक तुकडा बसतो. त्याला चंद्राचंच नाव आहे: त्सुकिगाता. स्वस्त बुटात तो प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा असतो. इथे तीन मिलिमीटर कातडं, कडांना कागदाएवढं तासलेलं, खळीने चिकटवलेलं. खळ पाण्याने सुटते, म्हणजे दहा वर्षांनी उघडायची वेळ आली तर काही न फाडता उघडता येतं.

आणि मग वेल्ट. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची वादी, जिला वरचं कातडं आणि आतला तळ एका शिवणीने बांधला जातो. हे हाताने शिवणं म्हणजे सुकुइनुई. दोरा लिननचा, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचा, आठ-दहा पदर वळून केलेला, एका बुटाला साधारण अडीच मीटर. त्याला चान चोळतात. चान म्हणजे राळ आणि तेल एकत्र उकळून केलेला काळा गोळा. थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात राळ जास्त, नाहीतर थंडीत चान तडकतो आणि उन्हाळ्यात हाताला चिकटतो. ओजीसाननी दोरा गोळ्यावरून ओढला तेव्हा घर्षणाने राळ वितळून देवळातल्या धुपासारखा वास सुटला.

वाकड्या आरीने भोक. एका भोकातून दोन्ही टोकं, समोरासमोर. दोरा मुठीभोवती गुंडाळून दोन्ही हात झटक्याने बाजूला. प्रत्येक टाक्याला कातडं ‘कर्र’ करतं. तो आवाज आला नाही तर टाका सैल आहे. दोन टाक्यांत आठ-नऊ मिलिमीटर. याहून जवळ घेतले तर भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि आतला तळ तिथून फाटतो. कातडं ओलसर हवं, पण निथळतं नको. फार ओल्यात ओढलेला टाका वाळल्यावर ढिला पडतो. शिष्येचा एक टाका ओजीसाननी नखाने तपासला, काही न बोलता आरीने उपसून काढला आणि दोरा तिच्या हातात परत दिला. तिने मागचे तीनही उसवले आणि पुन्हा शिवायला घेतले.

यंत्राने केलेल्या गुडइयर वेल्टमध्ये ही कोरलेली कड नसते. आतल्या तळाला कापडाची पट्टी गोंदाने चिकटवतात आणि शिवण त्या पट्टीतून जाते. गोंद धरून आहे तोवर बूट उत्तम. घामाने आणि उष्णतेने गोंद सुटला की पट्टी सरकते, आणि नवा तळ लावताना आतलं सगळंच बदलावं लागतं. गुडइयर वाईट असा याचा अर्थ नाही. रोजच्या वापराला तो पुरेसा आणि निम्म्याहून कमी किमतीत. पण दुकानात ‘वेल्टेड’ एवढंच ऐकून हातशिवणीची किंमत मोजू नका. विचारायचे शब्द दोन: कुबु-जिताते म्हणजे ‘दहातले नऊ’ पद्धत, वेल्ट हाताने आणि बाहेरचा तळ यंत्राने. जुबु-जिताते म्हणजे दहाचे दहा, दोन्ही हाताने. जाड तळाच्या कामाच्या बुटांना कुबु पुरतं, आणि कुबुचा चांगला बूट साधारण दीड लाख येनच्या पुढे पडतो.

फर्मा किती दिवस आत ठेवता, हा प्रश्नही जरूर विचारा. हातकामात आठवडा-दोन आठवडे बूट फर्म्यावर राहतो. लवकर काढलेला बूट दुकानात देखणा दिसतो आणि पायात महिन्याभरात पसरतो.

दुपारी किटलीतल्या पाण्याचा चहा आणि रताळ्याचं इमोयोकान. वडीसारखं, फार गोड नाही. ओजीसाननी चिमटीत धरून खाल्लं, कारण बोटं काळी होती.

शुक्रवार: तोचिगी

आसाकुसाहून तोबू रेल्वेने सव्वा तास. टोकियोभोवतालच्या कान्तो भागाचा कोरडा हिवाळी वारा, काराक्काझे, इथे तोंडावर मारतो. कानटोपी न्यावी.

बुटाचा आतला तळ आणि टाच ज्या कातड्याची असते, ते घ्यायला कारागीर तोचिगी लेदरचं नाव घेतात. 1937 पासूनचा कारखाना. 160 हौद, आणि त्यांत उभी टांगलेली कातडी. कमावण्याचं द्रव्य मिमोसा, म्हणजे आपल्या बाभळीच्याच कुळातल्या झाडाच्या सालीचा अर्क. कातडी आधी सर्वांत फिक्या हौदात, मग क्रमाने दाट हौदांत सरकवत नेतात. थेट दाट अर्कात बुडवलं तर वरचा पापुद्रा लगेच घट्ट होतो, अर्क आत शिरत नाही आणि गाभा कच्चा राहतो. कापून बघितलं की मधे पांढरी रेघ दिसते. अशा कातड्याचा तळ दोन पावसाळ्यांत थर सुटून उलगडतो. विकत घेताना कापलेली कड बघायची, वरचा चेहरा नव्हे.

पिंपात घालून गरागरा फिरवलं तर हेच काम थोड्या दिवसांत होतं. पण आपटून आपटून तंतू सैल होतात. हौदातलं कातडं स्तब्ध असतं, म्हणून दाट राहतं. कोल्हापूरकडच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगत. पाणी हळूहळू कातड्यातूनच झिरपायचं. हौद उभारायचं भांडवल नसताना तेच तत्त्व साधलेलं. तोचिगीच्या कातड्याचा वास घेतला तर कोल्हापुरी चपलेच्या दुकानाची आठवण होते, ती याच सालीमुळे.

गावात उझुमा नदीकाठी जुनी काळ्या भिंतींची कोठारं आहेत. जेवायला इथलं खास बटाट्याच्या फोडी घातलेलं याकिसोबा, म्हणजे परतलेले नूडल्स. थंडीत ते फार छान लागलं.

शनिवार: तामाहिमे इनारी

मिनामि-सेंजू स्थानकावरून पंधरा मिनिटं चालत. वाटेत स्वस्त लॉज आणि म्हाताऱ्या मजुरांची वस्ती. तामाहिमे इनारी हे देऊळ लहान, आणि त्याच्या आवारात बुटांचे ढीग. या जत्रेचं नाव कोन्कोन कुत्सुइची. कोन्कोन हा कोल्ह्याचा आवाज, कारण इनारी या देवतेचा दूत कोल्हा. एप्रिलच्या शेवटीही अशीच एक जत्रा भरते. आसपासचे कारखाने उरलेला माल, एकेकटे नमुने, जरा डाग पडलेले बूट मांडतात. तारखा दर वर्षी खात्री करून मगच तिकीट काढा.

खरेदीसाठी इथल्या सूचना. जपानी माप सेंटिमीटरमध्ये असतं. पण हेरिटेज बुटांवर बहुधा अमेरिकन क्रमांक असतात आणि दोन कारखान्यांचा आठ नंबर सारखा नसतो. दुपारनंतर, पाय जरा सुजल्यावर, जे मोजे घालणार तेच घालून बघा. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेत वाढलेले पंजे रुंद असतात. लांबी वाढवून रुंदी मिळवू नका, ‘ईई’ किंवा ‘ईईई’ रुंदी मागा. पंजाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या रुंद भागातच बसला पाहिजे. नव्या बुटात टाच थोडी उचलली जाते, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत चालेल. तळ वाकायला लागला की थांबते. इंजिनियर बुटाला लेस नाहीत, त्यामुळे पायाच्या उंचवट्यावर पकड नसेल तर तो बूट सोडून द्या, ती नंतर येत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा. 2026 च्या नोव्हेंबरपासून परदेशी पर्यटकांना आधी कर भरून मग विमानतळावर परतावा घ्यायचा आहे, तेव्हा पावत्या जपा.

बूट घरी आणल्यावरचा शत्रू म्हणजे आपला जुलै. बुरशी दमटपणात येते, आणि कातड्यात राहिलेला घाम आणि जास्त लावलेलं तेल तिला खतपाणी घालतं. पावसाळ्याआधी तेल लावूच नका. आत देवदाराचे लाकडी साचे घाला, खोक्यात किंवा प्लास्टिकमध्ये बंद करू नका, दर आठवड्याला एकदा पंख्याखाली ठेवा. भिजले तर वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला, आणि आडवे करून तळाला वारा लागू द्या. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य. कातडं आक्रसतं आणि वेल्टच्या टाक्यापाशी चिरतं.

दुपारी सेतागायाला एक चक्कर. तिथल्या ब्रास या कार्यशाळेची सुरुवात बूटदुरुस्तीपासून झाली आणि क्लिंच हे तिचे स्वतःचे बूट नंतर आले. शेकडो जुने बूट उघडून कुठे काय कुजतं आणि काय टिकतं हे ज्याने पाहिलं, तो स्वतः बांधायला बसला की टाका कुठे घ्यायचा हे त्याला माहीत असतं. शक्य असेल तर नव्या बुटांच्या कपाटाआधी दुरुस्तीला आलेल्या जोड्या बघून घ्या.

संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा तामाहिमेला आलो. आवारात लोकांनी आणून ठेवलेल्या जुन्या बुटांसमोर पुजारी मंत्र म्हणत होते. इथे जीर्ण बुटांचीही पूजा होते, आभार मानून त्यांना निरोप देतात. ढिगात शाळकरी मुलाचे बूट होते, टाच झिजलेले कार्यालयीन बूट होते, आणि एका कडेला सर्व्हिस बुटांची एक जोडी, तिचा तळ किमान दोनदा बदललेला. वेल्टच्या जुन्या भोकांशेजारून नवी भोकं गेली होती.